धागा: चर्चच्या मुलांसाठी पुस्तकांचं कपाट – काय ठेवावं, काय परत पाठवावं

मांडवीकाठ
चर्चमागच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट रिकामं झालंय. फादरांनी ते मुलांच्या पुस्तकांसाठी दिलंय, वर पंधरा हजार रुपये मंजूर केलेत. दोतर्नीला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, येणारी मुलं साधारण चाळीस, पहिलीपासून अकरावीपर्यंत. भाषेची खिचडी आहे. गोव्यातल्या मुलांच्या प्रार्थना घरी रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत होतात, पण शाळेमुळे देवनागरी सगळ्यांना येते. वसई आणि नगरकडून आलेल्या सात-आठ घरांत मराठीच बोलतात. आठवीनंतरची मुलं बहुतेक इंग्रजीच उचलतात. घरोघरून दान आलेली दोन खोकी पुस्तकंही पडून आहेत.
प्रश्न असे: किती पुस्तकं घ्यावीत, कुठल्या वयाला काय, जादूच्या गोष्टी ठेवायच्या का, आणि प्रॉटेस्टंट प्रकाशनांची पुस्तकं कॅथलिक मुलांना चालतील का?

शाई_नि_शिसं
पंधरा हजार एकदम संपवू नका. पहिल्या फेरीला नऊ हजार. सरासरी दोनशेचं पुस्तक धरलं तर पंचेचाळीस येतात, आणि चाळीस मुलांना सुरुवातीला तेवढी पुरे. उरलेले सहा हजार सहा महिन्यांनी, नोंदवहीत कुठली पुस्तकं वारंवार गेली ते बघून खर्च करा. पहिल्याच दिवशी शंभर पुस्तकं लावली की त्यातली साठ कुणी हात न लावता तशीच राहतात, आणि मग कपाटाकडे बघायची सवयच मोडते.
पंचेचाळिसातली पंधरा थेट धर्माची असावीत: बायबलकथा, संतचरित्रं, प्रार्थना, शंकांची उत्तरं. बाकी तीस निव्वळ चांगली पुस्तकं. इथेच बहुतेक समित्या अडखळतात. पाठीवर क्रूस छापला म्हणून पुस्तक ख्रिस्ती होत नाही, आणि क्रूस नाही म्हणून परकंही होत नाही. पुस्तकात खोटेपणा, क्रूरपणा, क्षमा, धीर ही जशी असतात तशी दिसतात का, एवढं बघा. ज्यात चांगलं मूल पान दोनपासून पान तीसपर्यंत चांगलंच राहतं आणि शेवटी सायकल बक्षीस मिळवतं, ते पुस्तक मुलांना देवाविषयी काही शिकवत नाही. हिशेब शिकवतं.
दानाच्या खोक्यांचं म्हणाल तर आधी तीन ढीग करा: ठेवायची, विचारायची, रद्दीची. रद्दीचा ढीग सर्वांत उंच झाला तर दचकू नका, तसाच होतो.
तपासायची माझी रीत तीन पानांची. पहिलं पान, ज्या पानावर काहीतरी वाईट घडतं ते पान, आणि शेवटचं पान. पहिल्या पानावर भाषा कळते. वाईटाच्या पानावर लेखक मुलांना घाबरवतो, फसवतो की सोबत करतो ते कळतं. शेवटच्या पानावर त्याने प्रश्न सोडवलाय की नुसता गुंडाळलाय ते कळतं. लहान पुस्तकाला यासाठी दहा मिनिटं लागतात. कुमारांची कादंबरी मात्र पूर्ण वाचल्याशिवाय कपाटात ठेवू नका. तिथे तीन पानांचं चालत नाही, कारण खरा घोळ साधारण दोन तृतीयांश पुस्तक झाल्यावर सुरू होतो.

बोटं_पाच
लहानांच्या पुस्तकात आधी अक्षर बघा, मग आशय. पहिली-दुसरीला १८ ते २० पॉइंटचं अक्षर, ओळीत सहा-आठ शब्द, आणि पानावर जोडाक्षरं मोजकी. गंमत अशी की ‘ख्रिस्त’, ‘स्वर्ग’, ‘प्रार्थना’, ‘पश्चात्ताप’ हे सगळे आपले शब्द जोडाक्षरांनी भरलेले, त्यामुळे धार्मिक पुस्तक शाळेच्या पुस्तकापेक्षा अवघड होऊन बसतं. अशी पुस्तकं मोठ्यांनी वाचून दाखवायच्या खणात ठेवा, मुलाने एकट्याने वाचायच्या खणात नको.
पाच बोटांची कसोटी: शंभरेक शब्दांचं पान मुलाला मोठ्याने वाचायला द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. एक-दोन मिटली तर पुस्तक हलकं, तीन-चार तर बरोबर, पाचही मिटली तर पुढच्या वर्षी. मूल दोन भाषांत वाचत असेल तर कसोटी दोन्ही भाषांत वेगळी घ्या. इंग्रजीत पाचवीचं पुस्तक वाचणारं मूल देवनागरीत तिसरीच्या पुस्तकावर अडतं, आणि पालकांना ते माहीतही नसतं.

नोहाची_खिडकी
सचित्र बायबल घेताना चार जागा उघडून बघा.
पहिली, जलप्रलय. नेहमीचं चित्र: तारवाच्या खिडकीतून जिराफ हसतोय, वर इंद्रधनुष्य, खाली निळंशार पाणी. त्या पाण्याखाली काय गेलं याचा मागमूस नाही. पाच वर्षांच्या मुलाला ते चालतं. आठ वर्षांचं मूल हटकून विचारतं, “बाकीच्या माणसांचं काय झालं?” चांगल्या पुस्तकात तिथे एखादं वाक्य तरी असतं. उत्पत्ती ६:६ मध्ये देवाला मनातून दुःख झालं असं स्पष्ट म्हटलंय. ते वाक्य ज्याने ठेवलं, त्या लेखकाने मूळ ग्रंथ उघडला होता असं समजावं.
दुसरी, अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला निघतो ती गोष्ट. इथे पानांची मांडणी बघायची. सुरी उगारलेलं चित्र उजव्या पानावर आणि “मुलावर हात टाकू नकोस” हे पान उलटल्यावर, अशी रचना असली तर झोपताना वाचणारं मूल नेमकं सुरीवर थांबतं. सुरी आणि झुडपात अडकलेला एडका एकाच जोडपानावर हवेत.
तिसरी, उधळ्या पुत्राचा दृष्टांत, म्हणजे बापाचा पैसा उडवून घरी परतलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट. मोठा भाऊ ठेवलाय का? लूक १५ मध्ये गोष्ट मेजवानीवर संपत नाही. २५व्या ओवीपासून मोठा भाऊ शेतातून येतो, रुसतो, आणि बापाला बाहेर येऊन त्याची समजूत काढावी लागते. तो समजला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही. बहुतेक बालबायबलं हा भाग कापतात, कारण त्यातून तात्पर्य निघत नाही. पण दोतर्नीला नेमाने येणारी, गृहपाठ करणारी मुलं सगळी मोठ्या भावासारखीच असतात. त्यांची गोष्ट कापून कसं चालेल?
चौथी, पुनरुत्थानाची सकाळ. कबरीपाशी आधी स्त्रिया पोचल्या, हे चित्रात दिसतं का? पुष्कळ जुन्या पुस्तकांत तिथे थेट पेत्र आणि योहान हे शिष्य धावताना दाखवतात.
येशूचे सोनेरी केस आणि निळे डोळे यावरून पुस्तक बाद करू नका, पण त्याच्याशेजारी वेगळ्या चित्रांचं एक तरी ठेवा.

मांडवीकाठ
मोठ्या भावाचं अगदी पटलं. दानातल्या चार बायबलकथा आत्ताच उघडून पाहिल्या. तिनांत तो नाही.
आता कॅथलिक-प्रॉटेस्टंट कसं ओळखायचं? पुष्कळ पुस्तकांवर काहीच लिहिलेलं नसतं.

अनुक्रमणिका
तीन खुणा पाहिल्या की झालं.
एक, पुस्तकांची संख्या. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. अनुक्रमणिकेत तोबीत, यहुदीथ, मक्काबी दिसले तर कॅथलिक. बालबायबलात तोबीतची गोष्ट असली तर दुधात साखर: प्रवासाला निघालेला मुलगा, वेष बदललेला देवदूत राफाएल, आणि मागोमाग चालणारा कुत्रा. मुलांना कुत्रा लक्षात राहतो, देवदूत नंतर.
दोन, दहा आज्ञांचे आकडे. कॅथलिक मोजणीत दुसरी आज्ञा देवाचं नाव व्यर्थ न घेण्याची. बहुतेक प्रॉटेस्टंट मोजणीत दुसरी मूर्ती न करण्याची, म्हणून तिथून पुढचे आकडे एकाने सरकतात आणि शेवटच्या दोन आज्ञांची एक होते. हे फार किरकोळ वाटतं, पण पहिल्या कम्युनियनच्या (पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या) तयारीत मूल घरच्या पुस्तकातून “सहावी आज्ञा, खून करू नको” असं पाठ करून येतं आणि वर्गात सिस्टर “ती पाचवी” म्हणतात. चूक कोणाचीच नसते. अशा पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा: ‘आज्ञांची मोजणी वेगळी.’
तीन, शब्द. वसईकडच्या कॅथलिक मराठीत ‘स्नानसंस्कार’ (बाप्तिस्मा) आणि ‘मिस्सा’ (चर्चमधली मुख्य उपासना). ‘बाप्तिस्मा’, ‘प्रभुभोजन’, ‘पाळक’ हे शब्द दिसले तर पुस्तक बहुधा प्रॉटेस्टंट घरातलं. त्यात वावगं काही नाही. उलट मराठीत मुलांसाठी बायबलचं जे काम झालं त्यातलं बरंचसं त्याच मंडळींनी केलंय.
बायबलकथा दोन्हीकडच्या खुशाल ठेवा. संस्कार, मारिया, संत, शुद्धिस्थळ यांवरची पुस्तकं मात्र आपल्याच परंपरेतली घ्या. शीर्षकपानाच्या मागे ‘निहिल ऑब्स्टाट’ आणि ‘इम्प्रिमातुर’ हे चर्चच्या छापण्याच्या परवानगीचे लॅटिन शब्द असले तर शिकवणुकीत चूक नाही एवढंच कळतं. पुस्तक वाचनीय आहे याची हमी बिशप देत नाहीत.

सरळ_रेघ
जादूबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं १८:१०-१२ स्पष्ट आहे: चेटूक, शकुन पाहणं, मृतांना विचारणं हे देवाला ओंगळ वाटतं. चर्चच्या कपाटात जादूगारांची पुस्तकं कशाला? बाहेर वाचायची तर वाचू देत, आपण आपल्या हाताने का द्यावीत?

अर्धविराम
सरळ_रेघ, तुमचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. म्हणूनच जादूच्या सगळ्या पुस्तकांना एका दोरीत बांधू नये. माझी कसोटी एकच: हे मूल घरी करून पाहू शकेल का? प्लँचेट कसं मांडायचं, पत्ते कसे वाचायचे, कुठल्या वाराला कुठला मंत्र म्हणायचा, हे कृतीसारखं सांगणारं पुस्तक कपाटात नको. मग त्यावर ‘गंमत म्हणून’ असं छापलेलं का असेना. कपाटाच्या दारातून दुसऱ्या जगात जाणारी मुलं हा वेगळा प्रकार आहे. कुठलंही मूल कपाटात शिरून मृतांना प्रश्न विचारत नाही.
नार्नियाची सात पुस्तकं १९५० ते १९५६ मध्ये आली. आजच्या संचांत कथाक्रमाने ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला पहिला आकडा असतो, पण ते १९५५चं. सुरुवात १९५०च्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’नेच करा. त्यातला सिंह असलान कोण आहे हे मुलाला आधीच सांगून टाकलं की दगडी मेजावर तो मारला जातो तो प्रसंग गळून पडतो. नऊ-दहाव्या वर्षी वाचायला द्या, आणि ‘असलान म्हणजे येशू’ हे तुम्ही सांगू नका. मूल आपणहून म्हणेल, तेव्हा फक्त मान हलवा. ‘द लास्ट बॅटल’ बारा वर्षांआधी नको. त्यात मृत्यू आहे, आणि चार भावंडांतल्या सूझनला बाहेर ठेवलंय त्यावरून मुली चिडतात. चिडू दे, ते बोलायला चांगलं आहे. ‘द हॉर्स अँड हिज बॉय’मध्ये पगडीवाले, सावळे लोक बहुतेक क्रूर दाखवलेत. आपली मुलं त्या पगडीवाल्यांसारखी दिसतात हे विसरून ते पुस्तक हातात देऊ नये. सोबत चार वाक्यं बोला.
‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टोल्किन स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, आणि त्यात देवाचं नाव जवळपास नाहीच. तरी अंगठी नष्ट होते ती २५ मार्चला, म्हणजे मारियेला देवदूताचा निरोप आला त्या सणाला. नऊ जण मोहिमेला निघतात २५ डिसेंबरला. ही तारीख नववी-दहावीच्या मुलाला पुस्तक संपल्यावर सांगा आणि गंमत बघा.
हॅरी पॉटरबद्दलही विचारणार, म्हणून सांगतो. शेवटच्या, २००७च्या पुस्तकात थडग्यांवर दोन वचनं कोरलेली आहेत, मत्तय ६:२१ आणि १ करिंथ १५:२६. त्यामुळे ते पुस्तक धर्मग्रंथ होत नाही, पण ‘सैतानाचं पुस्तक’ म्हणणाऱ्यांनी तेवढी पानं तरी वाचावीत.

सरळ_रेघ
२५ मार्चचं माहीत नव्हतं. नार्निया आणि टोल्किन मान्य. हॅरी पॉटर मी तरी चर्चच्या पैशातून घेणार नाही. ज्यांना हवं त्यांना ते कुठेही मिळतं, आणि काही पालक त्या एका पुस्तकावरून सगळ्या कपाटाकडे पाठ फिरवतील.

शाई_नि_शिसं
व्यवहार म्हणून हे बरोबर आहे. पंचेचाळिसात त्याची जागा तशीही नाही.

पुराभिलेख
संतचरित्रांत सर्वांत जास्त कचरा असतो, आणि गोव्यात सर्वांत जास्त मागणीही त्यांनाच. दोन उदाहरणं घेतो, दोन्ही आपल्या अंगणातली.
संत जोसेफ वाझ: जन्म बाणावली, २१ एप्रिल १६५१. मृत्यू कँडी, १६ जानेवारी १७११. कोलंबोत संतपद १४ जानेवारी २०१५. डच सत्तेखालच्या सिलोनमध्ये कॅथलिक धर्माला बंदी असताना १६८७ मध्ये ते वेष पालटून उतरले. कँडीत पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. देवीची साथ आली तेव्हा लोकांनी टाकलेल्या रोग्यांची शुश्रूषा केली. यात चमत्कार घालायची गरजच नाही, साहस पुरेपूर आहे. एखाद्या पुस्तकात वेषांतर आणि कैद दोन ओळींत उरकून आठ पानं चमत्कारांवर असतील, तर ते बाजूला ठेवा. पाचवी-सातवीच्या मुलाला वेषांतरच हवं असतं.
संत फ्रान्सिस झेवियर जरा अवघड. ६ मे १५४२ला गोव्यात आले, ३ डिसेंबर १५५२ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. लहानांच्या पुस्तकात घंटा वाजवत गल्लीतून मुलांना गोळा करणारे झेवियर पुरेसे आहेत. पण कुमारांच्या पुस्तकात १५४६चं पत्र यायला हवं, ज्यात त्यांनी पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन (पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) मागितलं. ते प्रत्यक्ष सुरू झालं १५६०ला, त्यांच्या मृत्यूनंतर, आणि कायमचं बंद झालं १८१२ला. दहावीच्या मुलाला हे फोनवर अर्ध्या मिनिटात सापडतं. चर्चच्या पुस्तकाने लपवलेलं त्याला बाहेरून कळलं, की तो त्या पुस्तकातल्या बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.
चरित्र तपासताना ‘असं सांगतात’ आणि ‘त्यांनी लिहून ठेवलंय’ यांत लेखक फरक करतो का ते पाहा. करत असेल तर चमत्कार कितीही असोत, पुस्तक चालेल.
गोव्याबाहेरचे दोघे जरूर घ्या: हवाईतल्या मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरोग्यांत राहून तोच रोग होऊन १८८९ मध्ये वारलेले दामियान, आणि एका अनोळखी बापाच्या जागी उपासमारीची कोठडी मागून घेऊन १४ ऑगस्ट १९४१ला आउश्वित्सच्या नाझी छळछावणीत मारले गेलेले माक्सिमिलियन कोल्बे. कोल्बे तेरा वर्षांपुढे.

ओवीबद्ध
गोव्याच्या चर्चमध्ये मराठी पुस्तक कशाला, असं कोणी म्हणायच्या आत: फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये इथेच गोव्यात रायतुरात (राशोलला) छापलं गेलं. रोमी लिपीत, पण मराठी ओव्या, मधूनमधून कोंकणी शब्द. लिहिणारा इंग्रज जेझुइट, १५७९ला गोव्यात आलेला. जवळपास अकरा हजार ओव्या. पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं नव्याचं. पोर्तुगीजांनी जुनी पुराणं वाचायला बंदी केली तेव्हा लोकांना ऐकायला काहीतरी हवं होतं, ती गरज त्यामागे होती.
मुलांच्या कपाटात अख्खा ग्रंथ ठेवून उपयोग नाही, तो कुणी उघडणार नाही. आधुनिक मराठी गद्यासह आवृत्ती २००९ मध्ये आलीय, ती शिक्षकांसाठी घ्या. मुलांसाठी त्यातल्या पंधरा-वीस ओव्या मोठ्या अक्षरांत छापून एक घडीपत्रक करा: मराठीला फुलांतली मोगरी म्हणणाऱ्या ओव्या आणि नाताळच्या प्रसंगाचा एखादा तुकडा. समोरच्या पानावर सोपा अर्थ. ओवी चालीवर म्हणायची असते. घरात आजी ओव्या म्हणणारी असेल तर चाल तिच्याकडून घ्या.
दुसरं, रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या मुलांना कळणाऱ्या कविता. शिकाऱ्याने घायाळ केलेल्या पक्षिणीची ‘केवढे हे क्रौर्य’ चौथी-पाचवीला सहज समजते, आणि तिच्यात उपदेशाचं एक अक्षर नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ चौदा वर्षांपुढच्या मराठी मुलांना. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून सुरू होतं आणि मुलं हसायला लागतात. नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट, मग स्वतःचा बदल, हे सगळं त्या न ओरडता सांगतात. धर्मांतराबद्दल शाळेत वाद झाले तर मुलाच्या हाती ठेवावं असं याहून प्रामाणिक मराठी पुस्तक मला तरी ठाऊक नाही.
बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७चं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून नाव आहे, विधवांच्या हालांवर आहे, पण भाषा जुनी. बारावीच्या मुलीने मागितलं तर द्या, आपणहून नको.

मांडवीकाठ
इथे एक अडचण सांगते. दानाच्या खोक्यात काही जुनी मराठी-इंग्रजी पुस्तकं आहेत, त्यांत शेजारच्या देवांना ‘दैत्य’, ‘भुतं’ म्हटलंय. बाकी गोष्टी चांगल्या आहेत. पानं फाडून ठेवावीत का?

पुराभिलेख
ताई, फाडू नका, ठेवूही नका. रद्दीत जाऊ देत. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्र सायबिणीला (मारियेला) शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि फेस्ताला हिंदू माणसं तेल घेऊन येतात, हे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिलंय त्याला हे पुस्तक एक तर खोटं वाटेल किंवा तो शेजाऱ्याकडे वाकड्या नजरेने बघायला शिकेल. आणि चर्चची शिकवणही तशी नाही. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘नोस्त्रा एताते’त लिहून ठेवलंय. ज्यू लोकांना ‘येशूचे मारेकरी’ म्हणणारी पुस्तकंही त्याच ढिगात. जुन्या क्रूसमार्गाच्या पुस्तिका खास बघा.

दोन_तृतीयांश
कुमारांबद्दल. शिव्या मोजून कादंबरी बाद करणारे पालक भेटतील. त्यांना बायबलातलं शास्ते १९ (सामूहिक बलात्कार आणि खुनाचा अध्याय) वाचायला द्या आणि विचारा, बायबल कुठल्या खणात ठेवायचं?
मोजायचं ते वेगळं. पुस्तकात वाईट घडलं तर त्याचा भार कोण उचलतं? मुलगी फसते आणि पुस्तक फक्त तिलाच दोष देतं, तर बाद. आत्महत्या सुटकेसारखी, सुंदर केलेली दाखवली तर बाद. तिचं दुःख मागे राहिलेल्यांवर कसं पडतं हे दाखवलं आणि मदत मागणारं एखादं पात्र असलं, तर मोठ्या मुलांसाठी ठेवा, पण कपाटात उघडं नको. एका मोठ्या माणसाने हातात द्यायचं आणि परत घेताना दोन मिनिटं बोलायचं. खासगी खण म्हणतात तो हाच.
शेवटच्या काळावरच्या कादंबऱ्या मुलं आवडीने वाचतात, कारण विमानं पडतात. ज्या पुस्तकात तारीख काढलीय किंवा आजच्या एखाद्या नेत्याला ख्रिस्तविरोधी ठरवलंय ते मार्क १३:३२वर (‘तो दिवस कोणालाच ठाऊक नाही’) नापास. तसंच ‘श्रद्धा ठेव, पैसा येईल’ छापाची पुस्तकं. निर्दोष असून सगळं गमावणाऱ्या ईयोबाचं बायबलातलं पुस्तक वाचलेला लेखक असं लिहिणार नाही.
शंकांसाठी यूकॅट, तरुणांसाठी कॅथलिक शिकवणीचं पुस्तक, २०११चं, ५२७ प्रश्नोत्तरं. ते सलग वाचायचं पुस्तक नाही. मुलांना म्हणा, अनुक्रमणिकेतून एक प्रश्न निवडा जो वर्गात विचारायची लाज वाटते. कोरी टेन बूम यांचं ‘द हायडिंग प्लेस’ प्रॉटेस्टंट कुटुंबाचं आहे, ज्यूंना घरात लपवल्याबद्दल छळछावणीत गेलेल्या बहिणींचं. तेरा-चौदापासून. त्यात क्षमा सोपी करून दाखवलेली नाही, म्हणून घ्या.

शुद्धलेखन_नाही_भाषा
भाषांतरांबद्दल कुणी बोललं नाही. मराठीतली निम्मी ख्रिस्ती बालपुस्तकं इथे मरतात. नमुना:
“त्याच्या पित्याद्वारे त्याला दूर अंतरावरून पाहिले गेले आणि तो करुणेने भरला गेला.”
हे मराठी नव्हे, मराठी अक्षरांतलं इंग्रजी. मूल इथे पुस्तक मिटतं आणि आपण म्हणतो, मुलं वाचत नाहीत. हेच असं असतं:
“तो अजून लांबच होता, तोच बापाने त्याला पाहिलं. त्याच्या पोटात तुटलं. तो धावत सुटला.”
दुकानात पुस्तक उघडून एका पानावर ‘द्वारे’, ‘पाहिले गेले’सारखे ‘गेले’-‘गेला’, ‘च्या बाबतीत’ मोजा. तीनपेक्षा जास्त सापडले तर खाली ठेवा. चित्रं कितीही सुंदर असली तरी. आणि मोठ्याने वाचून बघा, श्वास कुठे अडतो ते कळतं. ऑस्कर वाइल्डची ‘द सेल्फिश जायंट’, १८८८ची, मराठीत चांगल्या हाताने उतरली असेल तर सात-आठ वर्षांच्या मुलांना पंधरा मिनिटांत वाचून होते. शेवटी त्या लहान मुलाच्या तळहातांवर आणि पायांवर खिळ्यांच्या खुणा दिसतात, तिथे थांबा. समजावून सांगू नका.

बोटं_पाच
विकत घेण्याआधी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन या. १८३२पासूनची संस्था आहे, मुलांचा विभाग वेगळा. तिथे वाचून ठरवलेलं पुस्तक चुकत नाही, आणि जे तिथे मिळतंच ते कपाटात पुन्हा घ्यायची गरज नाही.

मांडवीकाठ
यादी जवळपास झाली. आता पावसाळ्याचं. खोली समुद्राच्या बाजूला आहे, भिंत जून ते सप्टेंबर ओली असते.

कसर_कागद
भिंत ओली असेल तर कपाट तिथे ठेवूच नका. दुसरी जागाच नसली तर भिंतीपासून चार-पाच इंच पुढे आणि जमिनीपासून विटेइतकं वर. खण गच्च भरू नका, पुस्तकांमागे हवा फिरायला दोन बोटं जागा हवी. साध्या दमटपणा-मापकाने आतला आकडा बघा. ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या, रंग उतरला की तापवून पुन्हा वापरता येतात. कपाटात बल्ब लावायची जुनी पद्धत करू नका, कागद आणि तार जवळ असतात. डांबराच्या गोळ्याही नकोत, लहान मुलं त्या गोड समजून तोंडात घालतात.
बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसायचं नाही, ती कागदात आणखी खोल जाते. पुस्तक वेगळं काढा, सावलीत वाऱ्याला पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला मास्क लावून बाहेर अंगणात मऊ ब्रशने झाडा. कसर खळीच्या वासावर येते, म्हणून फाटलेलं पान भाताच्या खळीने चिकटवू नका. पाणी घातलेल्या फेविकॉलचा पातळ हात पुरतो. सेलोटेप तर अजिबात नको, दोन वर्षांत पिवळी पडून सुटते आणि डाग कायमचा राहतो.
आणि दानाची खोकी थेट कपाटात रिकामी करू नका. आठवडाभर वेगळ्या खोलीत ठेवा, एकेक पुस्तक उघडून झटका. एका खोक्यातली कसर अख्खं कपाट खाते.

शाई_नि_शिसं
नोंदवही साधी: अनुक्रमांक, नाव, मुलाचं नाव, नेल्याची तारीख, परतीची तारीख. मुदत चौदा दिवस, एका वेळी एक. दंड ठेवू नका. दंड लागला की मूल पुस्तक परत आणतच नाही. दोतर्न सुटल्यावर वीस मिनिटं कपाट उघडं, आणि किल्ली एखाद्या नववीच्या मुलीकडे द्या, मोठ्यांकडे नको.

कसर_कागद
आणखी एक राहिलं. वह्यांसारखी खाकी कव्हरं घालू नका, मुलं चित्र बघूनच पुस्तक उचलतात. जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, ते दुमडून बसवा, चिकटवू नका. चिकटवलेल्या प्लास्टिकखालीच बुरशी आधी धरते, आणि बाहेरून ती पाऊस संपेपर्यंत दिसत नाही.